अरुंद वाचक

कार्डाला तीन रकाने होते. तिसरा मी लपवला.

लपवायला एक ओळ पुरते. आमच्या कामात ती दिवसातून दहा वेळा लिहिली जाते आणि लिहिताना कुणी थबकत नाही. वेबपान म्हणजे मुळात दोन गोष्टी. घरात सामान काय काय आहे ते एचटीएमएल सांगतं, आणि ते कुठं मांडायचं ते सीएसएस सांगतं. मोठ्या पडद्यावर तीन रकाने शेजारी शेजारी बसतात, टॅबवर दोन, फोनवर एकाखाली एक. जागा फारच कमी असेल तर काहीतरी झाकावं लागतं. पडदा बघून आपली मांडणी आपणच बदलणारं हे कार्ड, म्हणून ते रिस्पॉन्सिव्ह. सांगलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, धुणं वाळत घालायच्या गॅलरीला लागून माझं टेबल आहे. तिथं बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी अशी कार्डं बनवते.

कंपनीच्या उत्पादनाचं नाव 'बाळसं'. बाळाच्या घोट्याला बांधायची मऊ पट्टी. ती ताप, नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन मोजते आणि आईबापांच्या फोनवर कार्डात दाखवते. पहिल्या रकान्यात बाळाचं नाव आणि एक रंगीत पट्टी. दुसऱ्यात आत्ताचे आकडे. तिसऱ्यात गेल्या तीन दिवसांचा आलेख, आणि त्याच्याखाली गरज पडली तर सल्ल्याची एक ओळ. ती ओळ आलेखाखाली मीच ठेवली. तिथं ती छान दिसत होती.

इथवर सगळं जुनंच. नवीन होतं ते वाचकमाप. वर्षापूर्वी सगळ्या ब्राउझरांमध्ये ते आलं. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला आपल्या गालांवर रक्ताची एक पुसट लाली चढते-उतरते. आपल्याला ती दिसत नाही, फोनच्या समोरच्या कॅमेऱ्याला दिसते. त्यावरून नाडी कळते. डोळ्यातली बाहुली किती मोठी झालीय, नजर ओळीवरून पुढं सरकते की तिथंच अडखळते, पापणी किती वेळा लवते, हेही त्याला कळतं. ह्या सगळ्यातून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. त्याला 'वाव' म्हणतात. ह्या क्षणी ह्या माणसाच्या डोक्यात किती मजकूर मावेल, त्याचं ते माप. आधी सीएसएस पडद्याला विचारायचं, तू किती रुंद आहेस? आता ते वाचणाऱ्याला विचारतं. वाव सत्तरच्या वर असला तर तो रुंद वाचक. तीसच्या खाली गेला की अरुंद.

कल्पना वाईट नव्हती. घाबरलेल्या आईबापांपुढं सगळा अहवाल टाकला की ते भलताच आकडा धरून बसतात, एकच औषध दोनदा पाजतात. म्हणून अरुंद वाचकाला थोडकंच दाखवायचं, आकड्यांऐवजी धीराची एखादी ओळ, वाव आणखी घटला तर तीही नाही, लाल रंग दाखवायचा नाही, पट्टी फिकट हिरवी ठेवायची, असं कंपनीनं ठरवलं. कंपनीला येणारे काळजीचे फोन निम्म्यावर आले.

"ह्या कामाला तुझ्यापेक्षा लायक कोण?" आफरीन म्हणाली होती. आफरीन आमची टीम लीड, सोलापूरची. "जुईला शिंक आली तर तू तीन डॉक्टरांना फोन करतेस."

"दोन," मी म्हटलं.

आमच्यात एक शिस्त आहे. आधी अरुंद लिहायचं. सगळ्यात कमी जागेत काय असलंच पाहिजे ते ठरवायचं, मग जागा वाढेल तशी भर घालत जायची. उलटं केलं, आधी ऐसपैस मांडून मग एकेक काढत गेलं, की आपण काय काढतोय त्याचं भान सुटतं.

"मृणा, तू रुंदापासून सुरू केलंयस," आफरीन म्हणाली.

"परवा डेमो आहे ना? तिथं रुंदच दाखवायचंय. अरुंद नंतर नीट करते."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर, बाई."

"तुझं हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे ऑफिसात."

नंतर मी तीसच्या खालच्या वाचकासाठी तिसरा रकाना अख्खा झाकला आणि चाचणीला बसले. चाचणीसाठी आमच्याकडे चार खोटे वाचक असतात: शांत, घाईतला, थकलेला, घाबरलेला. यादीतून एक निवडायचा आणि कार्ड कसं उघडतं, कसं मिटतं ते बघायचं. खरा चेहरा लागतच नाही. माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तर जखमेला लावायची पट्टी कायमची चिकटवलेली आहे, आमच्यातल्या बहुतेकांची असते. चौघांनाही कार्ड व्यवस्थित दिसलं. पण नमुन्यातलं बाळ निरोगी होतं. त्याला सल्ल्याची गरजच नव्हती, त्यामुळं रकान्याबरोबर सल्ल्याची ओळही गेली हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

ते कार्ड दोन लाख घरांत गेलं. त्यातलं एक आमचं.

जुईला, माझ्या दोन वर्षांच्या मुलीला, मंगळवारी बारीक ताप आला. मी फोन उचलला. 'जुई विश्रांती घेत आहे. पाणी देत राहा.' शेजारी फिकट हिरवी पट्टी. माझा नवरा विराज राजस्थानात पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर असतो. त्याला कळवलं.

"कार्ड काय म्हणतंय?"

"हिरवं आहे."

"मग झालं की! तूच बनवलंयस ते, तुझाच विश्वास नाही होय?"

बुधवारी खोकला सुरू झाला. गुरुवारी तिनं दूध नको म्हटलं, टबातली बदकं नको म्हटली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून नुसती पडून राहिली. मी दिवसातून चाळीसेक वेळा फोन बघत होते. दर वेळी हिरवं. गुरुवारी संध्याकाळी तर पाण्याची ओळही गेली, नाव आणि पट्टी एवढंच उरलं. मला वाटलं, सांगण्यासारखं काही राहिलं नाही म्हणूनच हे इतकं कमी सांगतंय. एरवी मी दोन डॉक्टरांना फोन केला असता. ह्या खेपेला एकालाही केला नाही.

शुक्रवारी सकाळी सासूबाई आल्या. एकोणतीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या. सांगली-जत गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा ह्यांनी पुरुषांना खाली उतरवलं, गाडीतच बाळंतपण केलं, आणि सगळ्यांना परत मोजून आत घेतलं. ती गोष्ट त्या भाजीचा भाव सांगावा तशी सांगतात.

चप्पल काढता काढताच त्यांनी जुईकडं बघितलं. "पोरगी अशी मलूल का पडलीया?"

"व्हायरल आहे, आई. कार्ड हिरवं आहे."

"बघू."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि फोन हातभर लांब धरला. "हितं तर लिवलंय, आजच डॉक्टरकडं न्या म्हणून."

"कुठं?"

"ह्या चढत्या रेघेच्या खाली. श्वास. बत्तीस, मग अडतीस, आज चव्वेचाळीस."

मी फोन ओढून घेतला. नाव. हिरवी पट्टी.

"कुठाय, आई?"

"आण हिकडं." त्यांच्या हातात फोन गेला आणि कार्ड उघडलं. मी बाजूनं बघितलं. तिन्ही रकाने, आलेख, ओळ, सगळं. वाचायला म्हणून मी खाली वाकले, तर डोळ्यांदेखत मिटलं. दोन चेहरे दिसले की कॅमेरा जवळचा धरतो, हे मला माहीत होतं.

"आता गं? जादू करालीयस का फोनवर?"

"आई, ते मला बघून झाकतंय."

"कोण झाकतंय?"

फोन खाली ठेवल्यावर मला हायसं वाटायचं, पण माप घेतलं जायचं ते उचलताना, आणि उचलताना दर वेळी छातीत धडधडायचं. मंगळवारी थोडी घाबरले होते, तेव्हा आकडे झाकले. गुरुवारी जास्त घाबरले, तेव्हा शब्द झाकले. लेकीचा श्वास जसा चढत गेला तसा माझ्या हातातला फोन गप्प होत गेला.

"रडत बसू नको," आई म्हणाल्या. "पिशवी भर. रिक्षा मी आणते."

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर मगदूमांनी जुईचा सदरा वर केला आणि छातीकडं बोट केलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. "न्यूमोनिया. उजव्या बाजूला. तीन दिवस काय बघत होता तुम्ही?"

"हिरवं," मी म्हणाले. त्यांना ते कळलं नाही.

वॉर्डात बारा खाटा होत्या. खिडकीजवळची जुईला मिळाली. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, घोट्याला आमचीच पट्टी. दवाखान्यानंही 'बाळसं' घेतलं होतं. टुंटुं वाजणारी यंत्रं काढून टाकली होती, आवाजानं मुलं झोपत नाहीत म्हणून. सगळं आता सिस्टरांच्या टॅबवर.

शनिवारी सकाळी बाकावर बसून मी दुरुस्ती लिहिली. अकरा ओळी. ह्या वेळी अरुंदापासून सुरुवात केली: आधी नाव, त्याखाली सल्ला, त्याखाली डॉक्टरांचा नंबर, बाकी सगळं नंतर. मान्यतेसाठी आफरीनला पाठवली आणि सोबत काय झालं ते सविस्तर लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'जुईला जप. सुट्टी मंजूर.'

मी फोन लावला. "आफरीन, तू वाचलंस का?"

"अगं हो, सुट्टी दिली की. आणि काही हवंय का?"

"मी दोन पानं लिहिलीत."

"मला दोन ओळी दिसतायत. मृणा, सॉरी हं, आज गुंतवणूकदार आलेत, मी सकाळपासून पळतेय, धड चहासुद्धा..." ती हळू आवाजात म्हणाली, "या अल्ला. मेलच्या खिडकीतही घातलंय का आपण हे?"

"आपण नाही. पण सगळ्यांनी सगळीकडं घातलंय."

"तू वाच. मी ऐकते."

मी वाचून दाखवलं. तिनं लगेच मान्यता दिली. "पण नवीन कार्ड एकदम सगळीकडं जात नाही, माहितीये ना तुला. सोमवारपर्यंत शंभरातल्या पाच फोनांवरच. दवाखान्यांचे टॅब तर सगळ्यात शेवटी."

"दोन लाख पोरं आहेत, आफरीन."

"तो नियम मला मोडता येत नाही गं. मी वरच्यांशी बोलते, आत्ता बोलते. मेल नाही करत, समोर जाऊन सांगते. पण आज वर शांत बसलेलं कोण आहे?"

तोवर आम्ही आमची सोय लावली होती. फोन आईंकडं. दर अर्ध्या तासानं त्या गाडीत स्टॉप पुकारावा तशा वाचायच्या: "श्वास बेचाळीस! ताप एकशेएक! ऑक्सिजन पंच्याण्णव!" शेजारच्या खाटेवरच्या रुक्साना त्यांना हसायच्या. त्यांचा मुलगा, आठ महिन्यांचा, कालच आला होता. "आजी, आमचं पण स्टेशन आलं की सांगा." मी सगळं वहीत उतरवून घेत होते. आईंच्या डोळ्यांनी का होईना, मला दिसत होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला मी औषधं आणायला खाली गेले. रांग मोठी होती. वर आले तेव्हा आई खाटेच्या कडेला बसल्या होत्या.

"ये. हिरवं आहे बघ. उतार पडालाय तिला."

मला खरंच बरं वाटलं. पिशवी ठेवली, पाण्याची बाटली उघडली. मग विचारलं, "आकडे?"

"आकडे नाहीत आता. नुसतं हिरवं. बरी झाली आसंल म्हणून काढलं आसतील."

मी बाटली खाली ठेवली. आईंचा अंगठा फोनवर इतका दाबलेला होता की नख पांढरं पडलं होतं.

"आई, तुम्ही घाबरलाय?"

"मी? मी कशाला घाबरू?"

"कधीपासून हिरवं आहे?"

"तू गेलीस आणि... हाक मारली मी तिला. एरवी आज्जी म्हणती. आत्ता नुसतं बघितलं माझ्याकडं. लांबनं बघितल्यागत." त्यांचा आवाज चिरकला. एकोणतीस वर्षांत तो चिरकलेला कुणी ऐकला नसेल. "मृणा, माझी नात हाय गं ती."

मी सिस्टर लीनांना हाक मारली. त्या टॅब घेऊन आल्या. बारीक अंगाची मुलगी, डोळ्यांखाली काळं. काल आम्ही आलो तेव्हाही त्याच होत्या.

"श्वास बघा ना जरा तिचा."

त्यांनी टॅब समोर धरला. "ठीक आहे, ताई. हिरवं दाखवतंय. झोपू द्या तिला."

मी त्यांच्या खांद्यामागून बघितलं. ते गोलसर कोपरे, ते दोन शब्दांमधलं अंतर, तो हिरवा. सगळं मी निवडलेलं. मी घाबरलेली होते. आई घाबरल्या होत्या. आणि ह्या थकलेल्या.

"सिस्टर, शेवटचं कधी झोपलात?"

"असं का विचारताय?"

"तुम्हाला कमी दाखवतंय ते. थकलेल्या माणसाला कमी दाखवतं. ते कार्ड मी बनवलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वॉर्डात आया काय काय बोलतात, त्याची त्यांना सवय असावी. "ताई, तुम्ही बसा थोडं. पाणी प्या."

मी त्यांच्या हातातून टॅब काढून घेतला आणि गादीवर पालथा टाकला. "अहो!" त्या म्हणाल्या. तोवर मी त्यांचा पंजा धरून जुईच्या उघड्या छातीवर ठेवला होता.

"भिंतीवर घड्याळ आहे. मोजा. एकच मिनिट. कमी निघाले तर माझी तक्रार करा."

त्या रागावल्या होत्या, पण हात तिथं होता आणि हाताला लागत होतं. त्यांची नजर घड्याळाकडं गेली. ओठ हलायला लागले. आईही खालच्या आवाजात त्यांच्याबरोबर मोजायला लागल्या. दहा. अकरा. बारा. काट्याचा अजून पाव फेरासुद्धा झाला नव्हता. सोळा. सतरा. तीस सेकंदांना चौतीस झाले आणि सिस्टरांनी हात काढला.

"मगदूम सर!" त्या पळतच ओरडल्या. "सर, खिडकीजवळची खाट!"

पुढं सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, जुईचे ओठ बघितले, तिला उचललं. पलीकडच्या काचेच्या खोलीत नेऊन मोठ्या यंत्रावर ठेवलं. दार लागलं. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले.

"आत्ताच काही सांगता येत नाही. पण वेळेत कळलं. अजून तासभर गेला असता तर... टॅबवर तर काहीच नव्हतं. कळलं कसं तुम्हाला?"

"सगळ्या टॅबवर काहीच नाहीये," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा डोळे चोळले. ते शेवटपर्यंत ऐकतायत की नाही, मला कळेना. त्यांना आतून हाक आली आणि ते गेले.

आई काचेला नाक लावून उभ्या होत्या. मी वॉर्डाकडं वळले. अकरा खाटा. प्रत्येक खाटेजवळ एक आई, कुठं बाप, कुठं आजी. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि वरच्या दिव्यांच्या पांढऱ्या उजेडातही त्यांच्या हनुवट्यांवर तो फिकट हिरवा उजेड पडलेला मला इथून दिसत होता. मी पहिल्या खाटेपासून सुरुवात करणार होते, पण रुक्साना जवळ होत्या.

"ताई, कशी आहे छोटी?" त्यांनी विचारलं.

"मोजतायत तिला." मी त्यांच्या बाळाशेजारी बसले. "तुमच्या मुलाच्या छातीवर हात ठेवा. मी घड्याळ बघते, तुम्ही श्वास मोजा."

त्या हसल्या. फार दमलेलं हसू होतं. बाळाच्या नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या, परत फुलत होत्या. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"मोजायचं कशाला? आमचं हिरवं आहे की, ताई."